मॉनिटरची कुंडली आधी वाचा, मग सेटिंगला हात लावा

नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या एका अभ्यासिकेत गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहा रास्पबेरी पाय लावले. एटीएम कार्डाएवढ्या पाटीवरचा हा कॉम्प्युटर स्वस्त, वीज कमी खाणारा आणि कूलरच्या घरघरीत पंख्याचा आणखी आवाज न करणारा. (नावातल्या ‘पाय’वरून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे वेळ नाही मिळणार.) मॉनिटर मात्र सगळे बारा गावचं पाणी प्यालेले. दोन कुणीतरी दिलेले, तीन बर्डीच्या बाजारातून सेकंडहँड घेतलेले आणि भिंतीवर एक जुना एलईडी टीव्ही.

पहिल्याच दिवशी एकावर चित्र चपटं आलं, दुसऱ्यावर काहीच नाही. टीव्हीवर सकाळी दिसायचं आणि लाईन जाऊन आली की पडदा काळा. पोरं एकच विचारत होती, “काहून दिसून नाही राहिलं सर?”

तेव्हा मी नेटवरून कुठल्या कुठल्या ओळी उचलून सेटिंगच्या फायलीत चिकटवल्या आणि दोन दिवस वाया घालवले. तुम्ही ते करू नका. मॉनिटर आपल्याला काय झेपतं हे स्वतःच सांगत असतो आणि पाय ते ऐकून घेतो. चित्र आलं नाही तर हे बोलणं नेमकं कुठे तुटलं ते आधी शोधायचं. त्या शोधाच्या पायऱ्या खाली देतोय.

एक सूचना. मी आज्ञा देवनागरीत लिहितोय, पोरांना फोनवर सांगतो तशा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि जिथे डॅश म्हटलंय तिथे डॅश.

बोलणं होतं तरी कुठून

एचडीएमआय केबलमध्ये चित्राच्या तारांसोबत काही बारीक तारा असतात. आपलं काम त्यांच्याशी. १८ नंबरच्या पिनवरून पाय मॉनिटरला ५ व्होल्ट देतो. मॉनिटर १९ नंबरच्या पिनवरून “मी आहे” अशी हाक देतो, तिला हॉट प्लग म्हणतात. मग १५ आणि १६ नंबरच्या दोन तारांवरून पाय मॉनिटरमधली एक छोटी चिप वाचतो. या दोन तारांच्या वाटेचं नाव डीडीसी आणि त्या चिपमधल्या माहितीचं नाव ईडीआयडी. मी तिलाच मॉनिटरची कुंडली म्हणतो. ही पद्धत व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवली आणि ती आजही चालू आहे.

चिपला लागणारी वीज पायकडूनच जाते. त्यामुळे बरेच मॉनिटर बटण बंद असतानाही माहिती देतात. सगळे देतात असं मात्र नाही. काही टीव्ही झोपेत असले की हाकच देत नाहीत. आमचा भिंतीवरचा त्यातलाच होता, त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिली पायरी : हाक ऐकू आली का

पडदाच काळा असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, पायमध्ये शिरा. नवशिक्यांनी एसएसएच पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावं, नाहीतर आंधळ्यासारखं टाइप करावं लागतं.

स्लॅश सिस स्लॅश क्लास स्लॅश डीआरएम या फोल्डरमध्ये जा आणि एलएस करा, म्हणजे आत काय आहे त्याची यादी मिळेल. तिथे ‘कार्ड१ डॅश एचडीएमआय डॅश ए डॅश १’ असं काहीतरी दिसेल. कार्डपुढचा आकडा ० की १ हे वेगवेगळ्या मॉडेलवर बदलतं, म्हणून पाठ न करता बघूनच घ्या. पाय ४ आणि पाय ५ वर शेवटी ए डॅश १ आणि ए डॅश २ असे दोन फोल्डर असतात, कारण पोर्टच दोन. एकच मॉनिटर असेल तर वायर चार्जिंगच्या पोर्टाजवळच्या पोर्टात लावा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी इथेच मिटल्या.

त्या फोल्डरातल्या स्टेटस, मोड्स आणि ईडीआयडी या तीन फायली आपल्या कामाच्या. आधी कॅट स्टेटस करा (कॅट म्हणजे फाईल वाचून दाखव). ‘कनेक्टेड’ आलं तर पुढे चला. ‘डिसकनेक्टेड’ आलं तर हाकच पोहोचलेली नाही. अशा वेळी रिझोल्यूशन बदलून उपयोग नाही. केबल बदला, पोर्ट बदला, मॉनिटरच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडलंय का बघा. पाय झिरोला मिनी आणि पाय ४ पासून पुढे मायक्रो एचडीएमआय असतं. तिथला अडॅप्टर अर्धवट बसलेला असतो आणि वरून मस्त बसल्यासारखा दिसतो.

एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावला असेल तर ‘कनेक्टेड’वर फार विश्वास ठेवू नका. पुष्कळ कन्व्हर्टर पलीकडे मॉनिटर नसला तरी स्वतःच हाक देतात.

दुसरी पायरी : किती बाइट आले ते मोजा

याला फार वेळ लागत नाही, पण निदान इथेच होतं. एलएसमध्ये ईडीआयडी फायलीचा आकार शून्य दिसतो, तो खरा धरू नका. या फोल्डरातल्या फायली वाचतानाच तयार होतात. ‘डब्ल्यूसी डॅश सी’ पुढे फायलीचं नाव देऊन मोजा.

१२८ आलं तर साधा मॉनिटर. २५६ आलं तर पुढे एक जोडपान आहे, टीव्ही आणि एचडीएमआय मॉनिटरमध्ये सहसा असतंच. शून्य आलं तर हाक आली, पण कुंडली आली नाही.

शून्य असताना लिनक्स, म्हणजे पायवरची ऑपरेटिंग सिस्टीम, काय करतो हे माहीत असावं. तो अंदाजाने काही जुने, बिनधोक मोड (मोड म्हणजे चित्राचं माप आणि वेग) गृहीत धरतो आणि १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही. म्हणून नव्या, रुंद मॉनिटरवर चित्र चपटं, आणि सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या पुढे यादीच नाही, असं दिसलं की मी सरळ ओळखतो की डीडीसीच्या तारा तुटल्यात. आमच्या चपट्या चित्राचं हेच झालं होतं. तो मॉनिटर व्हीजीएचा, मधे कन्व्हर्टर, आणि व्हीजीए केबल कुठल्याशा खोक्यातून निघालेली. व्हीजीएमध्ये ही बोलण्याची वाट १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून जाते. दोन्ही अरुंद बाजूच्या ओळीत. केबल उजेडात धरली तर त्या ओळीत पिनाच कमी! कारखान्यातूनच बसवल्या नव्हत्या. मधल्या ओळीत एक पिन नसली तर घाबरू नका, ९ नंबरची पिन चांगल्या केबलमध्येही नसते बरेचदा. साठ-सत्तर रुपये वाचवायला घेतलेल्या केबलीने दोन दिवस खाल्ले होते.

तिसरी पायरी : कुंडली वाचा

सोपा मार्ग आधी सांगतो. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ईडीआयडी डॅश डिकोड’ करा आणि मग त्या प्रोग्रामला ईडीआयडी फाईल दाखवा. सगळं वाचता येईल अशा इंग्रजीत उलगडून मिळतं. रोजच्या कामाला एवढं पुरे.

पण एकदा तरी कच्चे आकडे बघा. ‘हेक्सडंप डॅश कॅपिटल सी’ने फाईल उघडली की एका ओळीत १६ असे बाइट मांडले जातात, म्हणजे मुख्य पानाच्या आठ ओळी. आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत असतात : ९ नंतर ए ते एफ म्हणजे १० ते १५. सुरुवात कायम सारखी असते : ००, मग सहा वेळा एफएफ, मग पुन्हा ००. हे दिसलं नाही तर पुढचं वाचू नका. या आठ बाइटपैकी किमान सहा बरोबर असले तर लिनक्स उरलेले स्वतः दुरुस्त करून घेतो. त्याहून जास्त चुकले तर पान नाकारतो.

पहिल्या ओळीतला नववा आणि दहावा बाइट म्हणजे कंपनीचं नाव. तीन इंग्रजी अक्षरं, एकेका अक्षराला पाच बिट, ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं. १०, एसी दिसलं की डेल. १ई, ६डी निघालं तर अक्षरं होतात जी, एस, एम. पोरं चक्रावली होती, कारण समोर बोर्ड एलजीचा. ते जीएसएम म्हणजे गोल्डस्टार, एलजीचं जुनं नाव. दुकानाची पाटी बदलली, पण वहीत अजून जुनंच नाव चालू आहे.

दुसऱ्या ओळीतला पहिला बाइट म्हणजे कुठल्या आठवड्यात बनला आणि दुसरा म्हणजे कुठल्या वर्षी. वर्ष १९९० पासून मोजायचं. बर्डीवरच्या दुकानदाराने आमच्या एका मॉनिटरबद्दल “दोन वर्षंच वापरला आहे भाऊ” असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्या जागी १५ आलं. हे सोळाच्या मोजणीतलं १५, म्हणजे आपलं २१. १९९० मध्ये २१ मिळवले की २०११. वापरला दोनच वर्षं असेल, बाकी काळ कुठे झोपून होता कोण जाणे. तेव्हापासून मी सेकंडहँड मॉनिटर घ्यायला जाताना पिशवीत पाय आणि पॉवर बँक ठेवतो. दुकानदार बघत राहतात, पण भाव उतरतो.

आता मुख्य मुद्दा : चित्राचे मोड. ते तीन वेगवेगळ्या जागी लिहिलेले असतात.

पहिली जागा तीन बाइटची. जुन्या ठरावीक मोडांची हजेरी. ६४० बाय ४८०, ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ वगैरे. एकेका मोडला एकेक बिट, आहे किंवा नाही.

दुसऱ्या जागी आठ मोड, प्रत्येकी दोन बाइटचे. इथे जागा वाचवायला रुंदीला ८ ने भागून ३१ वजा करून लिहितात. १२८० भागिले ८ म्हणजे १६०, त्यातून ३१ गेले, १२९. या युक्तीची एक गंमत आपल्याकडच्या स्वस्त टीव्हींना महागात पडते. त्यांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो आणि १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे हा आकडा या जागी लिहिताच येत नाही! मग अनेक टीव्ही १३६० बाय ७६८ सांगतात, नाहीतर सरळ १२८० बाय ७२० किंवा १९२० बाय १०८० सांगून आलेलं चित्र आत स्वतः ताणतात किंवा आवळतात. अक्षरं किंचित फिकट, पसरल्यासारखी दिसतात ती त्यामुळे. पायचा दोष नाही, आणि हा फिकेपणा पूर्ण जातही नाही.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. चौथ्या ओळीतल्या सातव्या बाइटपासून १८ बाइटचा पहिला तुकडा. यात मॉनिटर आपला सगळ्यात आवडता मोड अगदी मापांसकट देतो. फुल एचडी मॉनिटरवर तिथे बहुतेक वेळा असं दिसेल :

०२ ३ए ८० १८ ७१ ३८ २डी ४०

उलगडून बघू. पहिले दोन उलटे जोडायचे, ३ए०२. दशमानात १४८५०, आणि हे १० किलोहर्ट्झच्या हिशेबात असतं, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. सेकंदाला इतके दशलक्ष ठिपके तारेवरून जाणार. पुढे ८० आणि १८ आहेत आणि त्यांचे वरचे आकडे ७१ मध्ये कोंबलेत. ७ घेऊन ८० ला लावा, ७८० होतं, म्हणजे १९२०. १ घेऊन १८ ला लावा, ११८, म्हणजे २८०. तसंच ३८ ला ४ लावून १०८० आणि २डी ला ० लावून ४५.

१९२० आणि १०८० तर ओळखीचे झाले. २८० हे न दिसणारे ठिपके आणि ४५ या न दिसणाऱ्या ओळी, म्हणजे एक ओळ किंवा एक चित्र संपून पुढचं सुरू होईपर्यंतची मोकळीक. ती धरून एक ओळ २२०० ठिपक्यांची आणि एक चित्र ११२५ ओळींचं. २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० करून बघा. बरोबर १४,८५,००,००० येतात. वरचे १४८.५ मेगाहर्ट्झ. अभ्यासिकेतल्या बारावीच्या एका मुलीने हे फळ्यावर सोडवलं आणि उत्तर जुळलं तेव्हा शेजारच्या एमपीएससीवाल्यांनी “हळू बोला जरा” म्हणून डोळे वटारले.

मुख्य पानाच्या शेवटच्या ओळीतला उपांत्य बाइट पुढे किती जोडपानं आहेत ते सांगतो आणि शेवटचा बाइट ताळा मिळवायला असतो. सगळे १२८ बाइट बेरजेत धरले की २५६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. सैल केबलमुळे एखादा बाइट बिघडला तर हा ताळा चुकतो आणि लिनक्सच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेग’ या आज्ञेत ईडीआयडीच्या नावाने कुरकुर दिसते.

जोडपानात टीव्हीचे मोड असतात, नुसत्या क्रमांकाने : ४ म्हणजे ७२० ओळींचा ६० हर्ट्झचा, १६ म्हणजे १०८० ओळींचा ६० चा. आणखी एक गोष्ट तिथेच असते, “मी एचडीएमआय समजतो” ही कबुली. ती मिळाली नाही तर पाय समोरच्याला जुना डीव्हीआय मॉनिटर समजतो आणि आवाज पाठवत नाही. चित्र छान आणि आवाज नाही, अशी तक्रार आली की मी स्पीकर न बघता जोडपान आहे का ते बघतो.

जाता जाता : पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहायचीही जागा आहे. तिथे काही टीव्ही १६ आणि ९ असं ठोकून देतात. म्हणजे भिंतभर टीव्ही स्वतःला हातरुमालापेक्षा लहान समजतो आणि काही प्रोग्राम अक्षरं अवाढव्य दाखवतात.

चौथी पायरी : यादी आणि निवड

मोड्स फाईल कॅट करा. एकच माप तीन-चार वेळा दिसलं तर गोंधळू नका. इथे फक्त नाव छापतात, हर्ट्झ नाही. ती वेगवेगळ्या वेगांची एकाच मापाची भावंडं आहेत. मापाच्या शेवटी आय असेल तर तो ओळीआड ओळ दाखवणारा प्रकार, वाचनाच्या कामाला टाळा.

ही यादी मॉनिटरने सांगितलेल्या सगळ्यांची नसते. मॉनिटरला झेपणारे आणि पायलाही झेपणारे असे दोघांतले सामाईक मोडच तिथे उरतात. उदाहरणार्थ, पाय ४ मुळात ४के ला ३० हर्ट्झच देतो. ६० हवे असतील तर कॉन्फिग फायलीत तशी ओळ घालावी लागते आणि तेही चार्जिंगजवळच्या पोर्टावरच. पाय ५ ला ते करावं लागत नाही.

सुरुवातीला पाय मॉनिटरचा आवडता मोड घेतो. बदलायचा असेल तर डेस्कटॉपवरच्या स्क्रीन सेटिंगमधून बदला. तेवढं बस्स.

पाचवी पायरी : जबरदस्ती, अगदीच नाइलाज असेल तर

नेटवर ‘एचडीएमआय फोर्स हॉटप्लग’, ‘एचडीएमआय ग्रुप’, ‘एचडीएमआय मोड’ अशा ओळींचा महापूर आहे. त्या जुन्या पद्धतीच्या. पायच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीपासून चित्राचं काम लिनक्सच्या केएमएस ड्रायव्हरकडे गेलं आणि तो या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही. मी ज्या दोन दिवसांची गोष्ट सांगितली, ते यातच गेले.

आता सांगायचं ते सीएमडीलाईन डॉट टीएक्सटी फायलीत. बुल्सआयनंतरच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती स्लॅश बूट स्लॅश फर्मवेअरमध्ये असते. त्यातला सगळा मजकूर एकाच ओळीत असतो, तिच्या शेवटी एक जागा सोडून लिहायचं : व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, एचडीएमआय डॅश ए डॅश १, कोलन, १९२० एक्स १०८०, ॲटचं चिन्ह, ६० आणि लगेच कॅपिटल डी. तो डी म्हणजे “हाक आली नाही तरी मॉनिटर आहे असं समज”. चुकूनही एंटर दाबू नका; दुसरी ओळ झाली तर पाय कदाचित उठायचाच नाही. तसं झालंच तर कार्ड काढून कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरमध्ये घाला, ती फाईल तिथेही उघडते. मॉनिटरला न झेपणारा मोड लादला तर एलसीडीवर फक्त ‘आउट ऑफ रेंज’ येतं. जुन्या काचेच्या पेटीवर मात्र असले प्रयोग करू नका.

आमच्या भिंतीवरच्या टीव्हीला हीच ओळ लागली. लाईन आली की पाय काही सेकंदांत उठायचा, आणि टीव्ही मात्र रिमोटची वाट बघत झोपलेला. हाक नाही, कुंडली नाही, चित्र नाही. हाकेचं काम डी ने भागलं. कुंडलीसाठी टीव्ही चालू असताना ईडीआयडी फाईल कॉपी करून स्लॅश लिब स्लॅश फर्मवेअरमध्ये ठेवली आणि त्याच लांब ओळीत ‘डीआरएम डॉट ईडीआयडी अंडरस्कोर फर्मवेअर, बरोबरचं चिन्ह, एचडीएमआय डॅश ए डॅश १, कोलन, फायलीचं नाव’ जोडलं. आता टीव्ही झोपेत असला तरी पाय जपून ठेवलेली नक्कल वाचतो.

पावसाळ्यात तो टीव्ही बिघडला आणि एकाने घरचा दुसरा आणून दिला. चित्र आलं, पण कडा कापलेल्या आणि आवाज गायब. मी केबल बदलत बसलो होतो. बारावीच्या त्याच मुलीने टर्मिनल उघडलं, दुसऱ्या ओळीतला दुसरा बाइट बघितला आणि म्हणाली, “सर, हा तर आधीच्याच टीव्हीचं वर्ष सांगून राहिला.” नवा टीव्ही समोर, आणि पाय अजून जुन्याचीच नक्कल वाचत होता. ओळ काढली, रीस्टार्ट केला, कडा आणि आवाज दोन्ही परत आले. आता टीव्हीच्या मागे चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलंय : टीव्ही बदलला तर कार्डातली ओळ काढा, सरांना फोन करू नका.